दुसरं फूल

सासरे गेले त्यानंतर दोन महिन्यांनी सासूबाई आमच्याकडे चँडलरला आल्या. २००४चा मार्च होता. त्यांना इथे सहा महिने राहता येणार होतं. नवरा म्हणाला, तेवढाच आईला बदल. ॲरिझोनाच्या वाळवंटात माणसाला कसला बदल मिळणार, हे मी विचारलं नाही. तो सकाळी ऑफिसला जायचा, माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, म्हणजे दिवसभर घरात आम्ही दोघीच.

अमरावतीला त्यांच्या अंगणात मोगऱ्याच्या कुंड्या होत्या. सासऱ्यांकडे फक्त पाणी घालायचं काम, आणि तेही ते जरा जास्तच घालायचे. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला घरचा नियम सांगितला होता. हंगामातलं पहिलं फूल देवाला, दुसरं मला, उरलेली तुमची. "लावलं कोणी? मी. मग दुसरं माझंच," असं म्हणून त्यांनी ते अंबाड्यात खोवलं होतं. मला ही बाई तेव्हाच आवडली.

आता कपाळ मोकळं आणि फुलाचं नाव काढायचं नाही. मी दुकानातून गुलाब आणले, ते सगळे देवापुढे गेले. मला राग आला. त्यांचा नाही, त्या रीतीचा. शेवटी न राहवून मी म्हटलं, "आई, हे नियम कोणी केले? आणि इथे बघतंय कोण?"

"मी बघतेय ना," त्या म्हणाल्या.

मागच्या अंगणाच्या भिंतीवरून शेजारच्या अमेरिकन आजींचा मोगरा आमच्याकडे डोकवायचा. एका सकाळी पाहते तर सासूबाई स्टुलावर चढून त्याच्या फांद्या मोडतायत. मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरून आणलेलं लागतं, हे त्यांचं शास्त्र. तेवढ्यात पलीकडून आजींचं पांढरंशुभ्र डोकं वर आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी आत गेल्या, कात्री घेऊन आल्या आणि चांगल्या जून फांद्या कापून सासूबाईंच्या हातात दिल्या. मी थँक यू म्हणायला लागले, तर आजींनी मला थांबवलं. रोपासाठी आभार मानले तर ते जगत नाही, असं त्यांची आई सांगायची म्हणे. मी ते मराठीत सांगितलं.

"शहाणी बाई आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या कामाला लागल्या. वीतभर काड्या, खालचा काप तिरका, खालची पानं काढलेली. अर्धी माती, अर्धी वाळू. दुधाचे प्लास्टिकचे कॅन तळाशी कापून काड्यांवर पालथे घातले आणि सगळं अंगणातल्या सावलीत मांडलं. मी रोज एखादी काडी हळूच उपसून मूळ फुटलंय का बघायची. त्यांनी एकदा पकडलं. "पोटातलं बाळ आपण काढून बघतो का? मग ते तरी कशाला उपटतेस?"

परदेशात मुळं धरण्यावर आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक तरी कविता असते. मला त्या मुळांशी काही देणंघेणं नव्हतं. मला फूल हवं होतं. स्वतः लावलेल्या झाडाला फूल आलं की बाईंना आपला नियम आठवेल, अशी माझी आशा होती.

बऱ्याच काड्या वाळल्या, थोड्या जगल्या. पहिल्या कळ्या त्यांनी निर्दयपणे खुडल्या, आधी झाडाला जोर येऊ दे म्हणून. ऑगस्टमध्ये एक फूल उमललं, ते देवाला गेलं. दुसऱ्या दिवशी दुसरं उमललं, आणि ते त्यांनी माझ्या केसांत खोवलं. मला इतकं वाईट वाटलं की मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आठवड्याने वाटीत चार फुलं घेऊन आम्ही शेजारी गेलो. आजींना कोण आनंद. एक फूल त्यांनी स्वतःच्या कानामागे लावलं, आणि मी काही बोलायच्या आत दुसरं सासूबाईंच्या अंबाड्यात. सासूबाईंचा हात वर गेला. फुलाला लागला, आणि तसाच खाली आला.

घरी येताना मी विचारलं, "काढू का?"

"हिचे यजमान कुठे असतात?"

"वारले. बरीच वर्षं झाली."

"आणि ही फूल लावते."

"हो. लिपस्टिकसुद्धा."

संध्याकाळपर्यंत ते फूल तपकिरी पडलं, पण अंबाड्यातच होतं. मी तिकडे न बघण्याचा फार प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकत होते. सासूबाई अंगणातून आल्या, ओंजळीत तीन फुलं होती. एक देवापुढे ठेवलं. मग मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेत बघत दुसरं स्वतःच्या अंबाड्यात खोवलं, आणि नीट बसलं का ते बोटांनी चाचपून पाहिलं.

तिसरं मला मिळालं.