बारा कोयते, चोवीस माणसं

"बारा घातले अन् चोवीस निघाले! ही बघा आपली इंजिनिअर." सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून साऱ्या लॅबला ऐकवत होते. पोरं खो खो हसली.

बीडच्या कॉलेजात पहिलं वर्ष. कॉम्प्युटरला हात लावून मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. सर म्हणाले होते, घरचं काहीही घ्या, प्रोग्रॅम लिहून मोजून दाखवा. कुणी क्रिकेटच्या धावा घेतल्या, कुणी परीक्षेचे मार्क. मी आमची ऊसतोडीची टोळी घेतली. आमच्या धारूरकडं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. कोयते बारा, म्हणून माणसं मोजायला दोननं गुणलं. उत्तर बरोबरच होतं.

"सर, एक कोयता म्हंजी दोन माणसं," मी म्हणाले.

"कोयता फडात चालतो. इथं डोकं लागतं. यांचं बेसिकच कच्चं असतं. तो दोन काढ, नाहीतर ऊठ."

समोर मी एकटीच होते. तरी सर 'यांचं' म्हणाले, म्हणजे आम्हा साऱ्या ऊसतोड्यांचं.

मी भ्याले. घरी कॉम्प्युटर नव्हता. ही खुर्ची गेली की सगळंच गेलं. "चुकलं, सर," म्हणाले आणि तो दोन पुसला. पडद्यावर बारा आले.

"आता कसं!" म्हणत सर पुढे गेले.

संध्याकाळी फडावरून आईचा फोन आला. मी विचारलं, "आये, टोळीची माणसं मोजताना मुकादम तुला मोजतो का गं?"

"बाईला येगळं कोण मोजतंय? कोयता तुझ्या बापाच्या नावावर हाय. काहून गं?"

भल्या पहाटे उठून ती भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर वाहते. मुकादमानं तिला कधी मोजलंच नाही. आणि आज तिच्या शिकणाऱ्या लेकीनं आपल्या बोटानं तिला पुसलं. फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी तोच प्रोग्रॅम लिहिला. दोनसकट.

"पुन्हा तेच? काढ ते."

"न्हाई काढणार, सर. माझी आई हाय त्यात."

"मार्क देणार नाही."

"नका देऊ."

या वेळी कुणी हसलं नाही. मार्क मिळाले नाहीत. खुर्ची मात्र मी सोडली नाही, सोडणारही नाही. एकदा भिऊन आईला पुसलंय मी. आता सर सांगोत नाहीतर मुकादम, पुन्हा पुसणार नाही.