न चाळलेल्या पिठाचे रोट

मला टाइप वन डायबिटीस आहे, हे भाऊबंदांत कुणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावून ठेवलंय. माझ्यासाठी मुली बघणं चालू आहे. मध्यंतरी डॉक्टरांनी रक्तात झिंक आणि मॅग्नेशियम कमी असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या, कोंड्यासकट पीठ खा म्हणाले, आणि यानं इन्सुलिन सुटत नाही हेही बजावलं. आम्ही त्यातलं झिंक तेवढं उचललं. मी का वाळलो, कसल्या गोळ्या खातो, सगळ्याला एकच उत्तर.

गेल्या श्रावणात नवागामला काकूकडे कानबाई देवी बसली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्या दळणाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे, ही आम्हा खानदेशींची रीत. मला पाहताच काकू म्हणाली, "पीठ चायंच नही मी. तुले झिंक पाहिजे ना!" माझ्यापायी अख्खं घर जाडेभरडे रोट खाणार होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी शहाणपण सुचलंच: "बरं केलंस काकू, खरं सत्त्व कोंड्यातच असतं."

नैवेद्य आता दाखवणारच, असं कळलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन इन्सुलिन घेतलं. बाहेर येतो तर काकांचा फोन. पाळी बदलायला येणारा कारागीर आला नव्हता, ते अजून कडोदऱ्यात कारखान्यातच अडकले होते. ज्याच्या नावाची मूठ आहे तो आल्याशिवाय आरती नाही, आणि नैवेद्याआधी कुणी तोंडात काही घालायचं नाही, असा काकूच्या घरचा दंडक. इन्सुलिन घेऊन खाल्लं नाही तर साखर झपाट्यानं उतरते; त्यासाठी माझ्या खिशात ग्लुकोजची पुडी होती. पण सगळ्यांदेखत ती फोडायची कशी? मी लाजेनं बसून राहिलो.

हात थरथरायला लागले, सदरा घामानं भिजला. आत्या काहीतरी विचारत होती, मला उत्तर जुळवता येईना. काकूनं माझ्याकडे पाहिलं आणि नैवेद्याच्या ताटातला गुळाचा खडा उचलून माझ्या तोंडात कोंबला.

"अगं, नैवेद्य!" आत्या ओरडली.

"कानबाईले मी सांगसू. तू खाय रे."

मी खिशाकडे बोट दाखवलं. काकूनं आत हात घातला, तर पुडीबरोबर इन्सुलिनचं पेन बाहेर आलं. सुईचं पेन कशाचं असतं, हे आता नवागामात कुणाला सांगावं लागत नाही. तिनं ते मुकाट्यानं परत ठेवलं आणि ग्लुकोज पाण्यात कालवून मला पाजलं.

काका आले तेव्हा मी भिंतीला टेकून बसलो होतो. "काय झायं याले?" ते घाबरून म्हणाले.

आता सगळं उघडं पडणार, असं वाटलं. खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

"काही नही," काकू दिव्याची वात सारत म्हणाली. "झिंक कमी झायं त्यानं."

कानबाईसमोर ती माझ्यासाठी खोटं बोलली. आणि मी मान डोलावली.