वीतभर अक्षरांचं पत्र

लाखांदूरच्या पोस्टात मी दर सोमवारी कार्ड टाकायला जाते, आणि दर सोमवारी तिथं उभं असलेलं कोणीतरी विचारतंच, "काकू, घरी फोन नाही का?" फोन आहे. नातवानं घेऊन दिलेला, चांगला मोठा. पण फोनमध्ये माझं आणि जगाचं अक्षर एकसारखंच दिसतं, आणि माझं अक्षर जगासारखं नाही. ते चांगलं आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण आमच्या घरात दुसरं कोणी सांगणार नाही. यजमानांचा धानाचा व्यापार. पोत्यावरचा मार्का ओळखू आला की त्यांचं अक्षरप्रेम संपलं.

पत्रं मी लिहिते ती माझ्या थोरल्या भावाला. माहेर आमचं भंडाऱ्याचं, विणकराचं. दादानं मागावर बसायला साफ नकार दिला आणि चिखल्याला मँगनीजच्या खाणीत लागला. सारी उमर त्यानं जमिनीखाली ड्रिल मशीन धरली. निवृत्त झाला तेव्हा कान पार गेले होते. मुलानं कानातलं यंत्र आणून दिलं तर दोन दिवसांत काढून ठेवलं. म्हणाला, "यातून बी मशीनच आयकू येते." तेव्हापासून त्याच्याशी बोलायचं म्हणजे लिहायचं. मुलगा समोर बसून पाटीवर दोन शब्द लिहितो, जेव, चाल, गोळी घे. बाकी सगळं जग त्याच्याकडे माझ्या कार्डावरून जातं, असं मी म्हटलं तर त्यात फार बढाई नाही.

एका कार्डात मी आठवडा बसवते. धानाच्या रोवणीला बाया मिळाल्या की नाही, तलाव किती भरला, शेजारणीच्या म्हशीनं कोणाचं वाळवण खाल्लं, यजमान कोणाशी भांडले आणि त्यात चूक कोणाची होती. शाईचा पेन, घोटून लिहिलेल्या ओळी, पट्टी न लावता सरळ. शेवटची ओळ लिहून झाली की कार्ड हातभर लांब धरून पाहते. भाकरी टम्म फुगल्यावर होतो तसा आनंद होतो. पेटीत टाकायच्या आधी आणखी एकदा पाहते. चार दिवसांनी ते दादाच्या हातात असतं, आणि मग त्याचं उत्तर येतं, माझ्या निम्म्या लांबीचं, पण खोडी काढणारं. मागं मी लिहिलं की गुडघे दुखतात, तर त्यानं विचारलं, "भांडायले उठतेस तेव्हा बी दुखतात का?"

मागच्या वर्षी ही खोडी बंद झाली. तीनच वाक्यं यायला लागली. तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला. इकडे सर्व ठीक आहे. एकदा आली, दोनदा आली, पाचव्यांदा तीच आली तेव्हा माझं डोकं फिरलं. मी इकडे रात्रंदिवस काय लिहायचं ते मनात जुळवत बसते, आणि हा सरकारी उत्तर देतो! मी बसले आणि एक सणसणीत कार्ड लिहिलं. माझ्या पत्रांचा कंटाळा आला असेल तर तसं सांग, मी यापुढे त्रास देणार नाही, तुझ्यासारखा भाऊ असण्यापेक्षा नसलेला बरा. राग आला की माझं अक्षर आणखी सुंदर येतं, तसं ते आलं. तशीच उठले आणि पोस्टात टाकून आले.

आठवड्यानं उत्तर आलं. "तुझे पत्र मिळाले. वाचून आनंद झाला."

आधी अंगाचा तिळपापड झाला. मग कार्ड पुन्हा हातात घेतलं आणि पहिल्यांदा मजकूर सोडून अक्षराकडे पाहिलं. ओळी उजवीकडे खाली घसरल्या होत्या. एक शब्द दुसऱ्यावर चढला होता. पत्ता छापील चौकटीबाहेर, आणि पिनकोडचे आकडे एकमेकांवर. जुनी कार्डं काढून ओळीनं मांडली. महिन्यामहिन्यानं अक्षर मोठं होत गेलं होतं. माझ्या भावाला दिसत नव्हतं. आलेलं कार्ड तो हातात धरत होता, आणि पाठ केलेली तीन वाक्यं लिहून पाठवत होता.

मी भिंतीला टेकून बसले. दुसऱ्या कोणाचे डोळे गेले तर त्याला वाचून दाखवता येतं. दादाला कोण वाचून दाखवणार, आणि तो ऐकणार कशानं? डोळे गेले की तो त्याच घरात, त्याच माणसांत असून कोणाचाच राहणार नव्हता. माझाही नाही.

भाच्याला फोन केला. तो हसला. "आत्या, बाबा रोज पेपर घेऊन बसतात ना ओसरीत." मी म्हटलं, "पेपर सुलटा असते का, ते पाय." तासाभरानं त्याचा फोन आला. पेपर परवाचा होता, आणि उलटा. पाटीवर मुलगा काय लिहितो ते दादा वेळेवरून ओळखत होता. भाच्यानं डोळ्याकडे बोट करून दवाखान्यात नेण्यासाठी हात धरताच दादा हात झटकून निघून गेला. खाणीतल्या एका जुन्या जोडीदाराचा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बिघडला होता, ती भीती त्याच्या मनात बसली होती.

मग मी यजमानांच्या गोदामात गेले. पोत्यांवर मार्का टाकायचा काळा रंग आणि कुंचा घेतला, जुन्या कॅलेंडरची पानं फाडून पाठकोऱ्या बाजूवर लिहायला बसले. एकेक अक्षर वीतभर. यजमान म्हणाले, "निवडणूक लढून राहिली का?" मी पुढचं पान ओढलं. कुंचा हातात पहिल्यांदाच धरला होता, तरी रेघ कुठं फाटली नाही, हे मी इथं नोंदवून ठेवते. चार पानं झाली.

दादा, तुले दिसत नाही.

मले समजलं.

ऑपरेशन कर.

नाही त मी पत्र कोणाले लिहू?

हातानं नेऊन देता आलं असतं. पण दादा पोस्टमनच्या हातातूनच पत्र घेतो, आणि मीही पोस्टानंच पाठवते. मोठ्या लिफाफ्यात घालून टाकलं. पाचव्या दिवशी भाच्याचा फोन आला. दादानं चारही पानं अंगणात उन्हात पसरली होती आणि त्यांच्यावर वाकून उभा होता. पुढचे तीन दिवस काहीच कळलं नाही, आणि त्या तीन दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. मग कार्ड आलं. अख्ख्या कार्डभर एकच शब्द होता.

"ये."

भाच्याला फोन केला, तर दादा ऑपरेशनला तयार झाला होता आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखल होणार होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं भंडारा गाठलं. दवाखान्यात दादा खाटेवर बसला होता, जवळ कापडी पिशवी. तिच्यात माझी न वाचलेली सगळी कार्डं, दोरीनं बांधलेली. त्यानं तिला कोणाला हातही लावू दिला नव्हता. दुपारी ऑपरेशन झालं, डोळ्याला पट्टी लागली, आणि तो झोपला. मी पिशवी उघडली. ते रागाचं कार्ड हाताला लागलं. काढून पदराखाली घेतलं असतं तर कोणाला कळलं नसतं. मी ते वाचलं, होतं तिथं ठेवलं आणि दोरी बांधली. लिहिलेलं पत्र मी आजवर परत घेतलेलं नाही. वाचेल, चिडेल, भांडेल. भांडू दे, तेवढं दिसलं तर.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. तरुण पोर. हातवारे करून विचारू लागली, त्याला कळेना. मी माझ्या पिशवीतून कागद-पेन काढलं. भाचा कानाशी लागला, "आत्या, मोठं लिही." मी मुद्दाम मोठं लिहिलं नाही. कार्डावर लिहिते तेवढंच लिहिलं, "दादा, डॉक्टर विचारून राहिल्या, किती दिसते?" ओळ सरळ आली.

दादानं कागद घेतला. जुना चष्मा नाकावर चढवला. कागद लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. भाचा माझ्याकडे पाहायला लागला, आणि मी जमिनीकडे.

मग दादानं कागद शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासमोर धरला. ऐकू येत नसल्यानं तो ओरडूनच बोलतो, सगळ्या वॉर्डात आवाज गेला.

"पाय हे अक्षर! एक काना वाकडा दाखव. माही बहीण आहे!"

डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलंच नाही. कागद या खाटेवरून त्या खाटेवर फिरत दारापर्यंत गेला. ज्यांच्या डोळ्यांना पट्ट्या होत्या त्यांच्या नातेवाइकांनी पाहिला. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांचं पाहून होईपर्यंत ताठ उभी राहिले.