हरवलेल्यांचा बाक

रोज सकाळी खोलीचं कुलूप काढलं की ती आधी माइक फडक्याने पुसायची. मग नखाने दोनदा टिचकी मारायची आणि एक वीत अंतरावरून म्हणायची, "एक, दोन. एक, दोन." डोंगरवाटेवरच्या कर्ण्यांतून स्वतःचाच आवाज परत आला की खुर्चीत बसायची. एकतीस वर्षं हे असं चाललं. सगळे तिला माइकमावशी म्हणत.

त्या डोंगररांगेत चार धर्मांची चार ठिकाणं होती. एका माथ्यावर देऊळ, पलीकडच्या खिंडीत एका फकिराची कबर, खाली तळ्याकाठी जुनं चर्च आणि अगदी शेवटी, खडकाच्या पोटात, भिक्षूंची लेणी. येणारी माणसं एकाच सहलीत चारही करत. प्रत्येक ठिकाणी घोषणांची खोली होती आणि प्रत्येक धर्माचा एक वृद्धाश्रम. माइकमावशीची खोली देवळाच्या पायथ्याशी, बसतळाला लागून. आत एक टेबल, एक पंखा आणि भिंतीलगत हरवलेल्यांसाठी लांब बाक. उरलेली तिन्ही ठिकाणं तिने पाहिली नव्हती. सुट्टीच्या दिवशी गर्दी, आणि गर्दीतच माणसं हरवतात.

बाकावर दोन प्रकारचे म्हातारे यायचे. हरवलेले आणि ठेवलेले. हरवलेल्याच्या मागे तासाभरात कुणीतरी धापा टाकत यायचं आणि आल्या आल्या म्हाताऱ्यावरच ओरडायचं. ठेवलेल्याच्या पिशवीत महिन्याभराची औषधं असायची, पायांत नव्या चपला असायच्या आणि कोटाच्या गळ्याजवळची शिंप्याची पट्टी उसवलेली असायची, गावाचा पत्ता लागू नये म्हणून. विचारलं की म्हणायचे, "मुलगा पाणी आणायला गेलाय."

"बरं. नंबर सांगा मुलाचा."

"आठवत नाही गं, बाई."

"जेवणाची वेळ बरी आठवते!"

दर तासाला एक, अशा तीन घोषणा झाल्या की पुढचा प्रश्न यायचा. चारही आश्रमवाले फोनवर एकच विचारत, "आमच्यातला कशावरून?" त्यावर मावशीने स्वतःची युक्ती काढली होती. ती म्हाताऱ्याला म्हणायची, "डोळे मिटा आणि देवाला हाक मारा." आणि त्याच्या हातांकडे बघत राहायची. हात जोडले जातात, पसरतात, की कपाळाकडून छातीकडे जातात; जोडलेच, तर ओठांवर नाव कुणाचं येतं. दोन वर्षांत ही युक्ती चारही खोल्यांत पोचली.

घरी जेवताना ती हे सगळं रंगवून सांगायची. एका भुकेल्या म्हाताऱ्याने हात जोडले, पसरले, छातीला लावले आणि शेवटी एक डोळा उघडून विचारलं होतं, "यात भात कुठे मिळतो?" हे ऐकून तिच्या मुलाला हसता हसता ठसका लागला होता. "आणि पट्टीचं सांग ना, आई," तो म्हणायचा. ती पुन्हा सांगायची.

नोकरी संपली. गुडघे गेले. दोनदा गॅस चालूच राहिला. सुनेने खिडक्या जोरात उघडल्या. त्या आठवड्यात मुलगा म्हणाला, "एकतीस वर्षं तिथे बसलीस, आई, आणि बाकीची तीन ठिकाणं पाहिली नाहीस. चल, दाखवतो."

त्याने नव्या चपलाही आणल्या. "कशाला रे?" म्हणत तिने त्या घरभर चालून पाहिल्या.

कबरीपाशी तिने रुमालासाठी पिशवी उघडली. रबर लावलेल्या गोळ्यांच्या पाकिटांची थप्पी तळाशी होती. तिने कोटाच्या गळ्यामागे हात नेला. पट्टी नव्हती. दोऱ्याचं टोक तेवढं बोटाला टोचलं.

तिने पिशवी पुन्हा बंद केली. चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसून राहिली. रंगीत काचेतला उजेड गुडघ्यांवर पडला होता. तो तिने तळव्याने झाकला.

"गॅसला हात नाही लावणार मी यापुढे," ती म्हणाली.

"असं काय बोलतेस, आई?" मुलाने घड्याळ पाहिलं. "ऊठ. लेणी राहिलीत."

लेण्यांत ती सावकाश फिरली. प्रत्येक मूर्तीपुढे थांबली, अगदी नाक झिजलेल्यांपुढेही. मुलगा दोन पावलं पुढे उभा राहून किल्ली वाजवत होता. बाहेर झाडाखाली त्याने तिला बसवलं.

"इथेच बस. पाणी घेऊन येतो."

"बाटली भरलेली आहे."

"थंड आणतो."

तो वळणापर्यंत गेला आणि त्याने एकदा मागे बघितलं. कुलूप नीट लागलंय का बघावं, तसं. मग दिसेनासा झाला.

सावली तिच्यावरून सरकून गेली तेव्हा ती उठली आणि विचारत विचारत घोषणांच्या खोलीशी पोचली. तिथेही टेबल, पंखा, बाक. टेबलामागे एक तरुण मुलगी.

"कुणाबरोबर आलात, आजी?"

"मुलगा पाणी आणायला गेलाय."

मुलीने हसू दाबत दाराशी उभ्या पहारेकऱ्याकडे पाहिलं. "नंबर?"

तो तिला झोपेतही सांगता आला असता.

"आठवत नाही."

"बरं. डोळे मिटा आणि देवाला हाक मारा."

तिने डोळे मिटले. हात मांडीवर होते, बाटलीभोवती. ते तिथेच राहिले. मुलगी थोडा वेळ बघत राहिली, मग तिने जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि माइक ओठांशी ओढला. "निळा कोट, पांढरे केस, वय अंदाजे..." कर्णे किंचाळले.

म्हातारीने डोळे उघडले.

"एक वीत लांब धर गं," ती म्हणाली. "आवाज फुटतोय."