सगळ्या नळ्यांत म्हातारी

घोड्यांच्या रक्तातल्या परजीवीबद्दल ताईंइतकं अधिकाराने बोलणारं प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं, आणि घोड्याला ताईंइतकं भिणारंही. गोचीड चावली की हा जीव रक्तात शिरतो, तांबड्या पेशींत बिऱ्हाड थाटतो आणि घोडा तापाने फणफणतो. त्याचे किती प्रकार कुठे नांदतात, हे जनुकांवरून शोधायचं ताईंचं काम. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कुणाच्या बापाला भीत नसत. खरा घोडा नुसता फुरफुरला, की त्यांना ऑफिसातलं काम आठवायचं.

म्हणून रक्त काढायचं काम त्यांनी गुपचूप सख्ख्या मामाच्या गळ्यात घातलं. मामा मोठ्या तबेल्यात मोतद्दार, घोड्यांची देखभाल करण्यात केस पिकलेले. सुई टोचायलाही शिकलेला. नळ्या वेळेवर आल्या. प्रत्येकीवर घोड्याचं नाव.

तपासणीत सगळ्या घोड्यांतला परजीवी हुबेहूब एकसारखा निघाला. प्रयोगशाळेचे साहेब हरखले. "असं कुठेच सापडलेलं नाही!" ताईंना मात्र अन्न गोड लागेना. इतर तबेल्यांत शेजारीशेजारी बांधलेल्या घोड्यांतही प्रकार वेगळे निघत. त्या तडक मामाकडे गेल्या.

"मामा, कुणाकुणाचं रक्त काढलंस?"

"सगळ्यांचंच की."

"मामा!"

"बरं बाई, म्हातारीचं." म्हातारी म्हणजे कोपऱ्यातली पांढरी घोडी. "गरीब आहे गं. हूं की चूं करत नाही. आणि रक्त काय, सगळ्यांचं लालच. वर गाजर दिलं तिला."

ताईंना हसू आवरेना. मामा हसला नाही.

"त्या काळ्याने लाथ घातल्यापासून छातीच होत नाही," तो हळूच म्हणाला. "मालकाला कळलं तर घरी बसवेल. घोड्याला भिणारा मोतद्दार कुणाला हवाय?"

 या भीतीची लाज काय असते, हे ताईंना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"चल, तू धर, मी टोचते," त्या म्हणाल्या.

काळ्याने कान मागे टाकले तेव्हा दोघंही एक पाऊल मागे सरले. पण मामाने दोरी सोडली नाही, ताईंनी सुई सोडली नाही. मग उरलेले घोडे ओळीने झाले. या खेपेला प्रकारांची नुसती जत्रा भरली. एकट्या काळ्याच्या रक्तातच चार बिऱ्हाडं.

निकाल सांगायला साहेब ताईंना घेऊन तबेल्यात आले. मालक समोर बसला होता, मामा दाराशी उभा.

"पण पहिल्या नळ्यांची भानगड काय?" साहेबांनी विचारलं. "कुणी भरल्या त्या?"

मामाचा चेहरा पांढराफटक पडला.

"मीच," ताई म्हणाल्या. "मला घोड्यांची भीती वाटते, साहेब. एकाच शांत घोडीचं रक्त सगळ्या नळ्यांत भरलं."

साहेबांनी सगळ्यांसमोर ताईंची बिनपाण्याने केली. मालक मात्र खो खो हसला. "अहो ताई, भीती वाटत होती तर आमच्या मोतद्दाराला सांगायचं! वाघ आहे तो."

"हो ना," ताई म्हणाल्या. "काळ्याला त्यानेच धरलं."