मोतीरामचा माळा

मोतीराम आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात पंखा ओढायचा. माझी शाळा आणि तो दवाखाना यांच्यात एकच भिंत होती, त्यामुळे मधल्या सुट्टीत तो मला रोज दिसे. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेला, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, हात तंबाखू मळायला मोकळे. आत आढ्याला टांगलेला लांब झालरीचा पंखा त्या अंगठ्याच्या तालावर हलत राही.

पाच वर्षांपूर्वी तो बैलगाडीवरून पडून, पाय मोडून या दवाखान्यात आला होता. सहा नंबरच्या खाटेवर दोन महिने पडून होता. पाय बरा झाला, पण गडी आपल्या गावी, दुसरबीडला, परत गेलाच नाही. बायकोला, सोजराबाईला, इकडेच बोलावून घेतलं. "हा पाय माहा नाई गुरुजी, या खाटेचा हाय," असं तो मला मांडीवर थाप मारून सांगे.

दवाखान्यात खाटा आठ. पूर्वी वर जाड मातीचं धाबं होतं. ते गळायचं, म्हणून काढून पत्रे घातले. गावाला ते इतकं भारी वाटलं की इंद्रभान पाटलांनीही आपलं धाबं पाडून घरावर पत्रे चढवले. दवाखान्याचं गळणं थांबलं खरं, पण चैत्र लागला की खोलीची भट्टी होई. बारा वाजले की रोगी आपापली वाकळ काखेत मारून अंगणातल्या लिंबाखाली. एक म्हातारी तर पायाला बांधलेल्या फळ्यांसकट सरपटत निघाली. डॉक्टर चिंतामणराव मागे धावले.

"आजी, अहो हाड सरकेल!"

"सरकू दे बापा. मरन आलं तं येऊ दे, पन भाजून नोको."

महाशिवरात्रीच्या सुमारास बुलढाण्याच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. मागच्या उन्हाळ्यात दुपारी आले तेव्हा आठही खाटा त्यांना रिकाम्या दिसल्या होत्या. यंदा वैशाखात पुन्हा येईन, तेव्हाही रिकाम्या असल्या तर खाटा बंद, इथे नुसतं औषधपाणी चालेल, असं त्यात होतं. म्हणजे हातपाय मोडलेल्या माणसाला दोन दिवस गाडीत आदळत बुलढाण्याला न्यायचं. मोतीरामनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग कितीतरी वेळ सहा नंबरच्या खाटेकडे बघत बसला.

चिंतामणरावांनी ठरवलं, आणखी दोन पंखे लावायचे. "मोतीराम, तुझ्या माहितीतले दोन गडी आण."

"सायेब, राग नोका मानू. पंखा काईच कामाचा नाई."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अरे, तू पंखेवाला ना?"

"म्हनूनच सांगून राह्यलो. पाच वर्षं झाले, पत्र्याखालची आग खाली ओढून लोकायच्या तोंडावर मारून राह्यलो. अजून दोन पंखे लावसान तं तिप्पट आग."

"मग काय करावं म्हणतोस?"

त्याच्या मनात सगळं तयार होतं. पत्र्याच्या खाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडं टाकायची. त्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहतात त्या काड्या, दाट पसरायच्या. वरून शेणमातीचा लेप. झाला माळा. माळा आणि पत्रा यांच्यामधल्या पोकळीला दोन्ही बाजूंनी झरोके, की तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. थंडीत झरोक्यांत गोणपाट कोंबायचं, की खोली ऊबदार. पश्चिमेच्या दाराला वाळ्याची एक ताटी, तिच्यावर दिवसाकाठी दोन घागरी पाणी.

"आणि पऱ्हाटीत विंचू झाले तर?"

"लेपाच्या वरतं राह्यतीन, सायेब. त्यायलेबी गारवा पाह्यजे का नाई?"

डॉक्टर तयार झाले. घरी मात्र सोजराबाईनं त्याला फैलावर घेतलं. ती आमच्याकडे ताक न्यायला आली, तेव्हा माझ्या बायकोला म्हणाली, "सोताच्या पोटावर पाय देनारा मानूस पाह्याचा असन तं आमच्या घरी या. पंखा नाई राह्यला तं पंखेवाल्याले कोन ठेवन?"

तिच्यामागून आलेला मोतीराम बाहेरूनच ओरडला, "अन् खाटा नाई राह्यल्या तं पंखा कोनावर हलवू? लिंबावर?"

पऱ्हाटी म्हणजे वर्षाचं सरपण. तरी घराघरातून एकेक भारा आला. फक्त इंद्रभान पाटलांनी दिला नाही. "दवाखाना हाय का गोठा?" असं म्हणून भारा मागायला गेलेल्या गड्याला परत पाठवलं.

चैत्रात माळा झाला, दाराला ताटी लागली. वैशाखात साहेब आले ते भर दोन वाजता. आत पाऊल टाकलं आणि थबकले. आठही खाटा भरलेल्या. एवढंच नाही, खाटांच्या मधल्या जमिनीवरही सात-आठ जण गाढ झोपलेले. डॉक्टरांच्या कपाळाला घाम फुटला. एरवी त्या खोलीत आता तो यायचा नाही.

साहेबांनी वाकून, जमिनीवर घोरणाऱ्या एका धिप्पाड माणसाची नाडी धरली. "याला काय झालं आहे?"

मोतीराम हात जोडून पुढे झाला. "त्यायले काई नाई झालं सायेब. ते आमचे पाटील हायेत. त्यायच्या घरी पत्रे हायेत."

साहेब आधी पाटलांकडे, मग वर माळ्याकडे बघत राहिले आणि हसू लागले ते थांबेचनात. पाटील जागे झाले, पण डोळे मिटूनच पडून राहिले.

"पंखेवाला कोण इथला?" साहेबांनी विचारलं.

"मीच होतो," मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज जरा उतरला होता.

साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं ते डॉक्टरांनी नंतर मला दाखवलं. आठही खाटा कायम. पंखा काढून टाकावा. मात्र मृगाआधी दरवर्षी नवा लेप द्यायला आणि थंडीत झरोके बंद करायला हाच माणूस ठेवावा.

दुसऱ्या दिवशी पाटलांचा गडी मोतीरामच्या दारात उभा. पाटलांनी बोलावलं होतं, घरी माळा घालायचा होता. मोतीराम पागोटं शोधू लागला. सोजराबाई दारात आडवी झाली.

"जातीन ते, जातीन," ती गड्याला म्हणाली. "पन पयले पाटलाले इचारून ये बाप्पा, घर हाय का गोठा?"