गवत कापायच्या गाडीवरचा माणूस

नारायणगावच्या अलीकडं हायवेला आमचं लग्नाचं लॉन आहे. लग्नसराई तोंडावर आली आणि गवत कापायला माणूस मिळेना, म्हणून बसून चालवायची गवत कापायची गाडी घ्यायला मी यंत्रांच्या दुकानात गेलो. तिथं एक लाल आणि एक हिरवी अशा दोन गाड्या होत्या. हिरवीवर एक टोपीवाला म्हातारा मांडी घालून बसला होता.

दुकानाचाच माणूस असेल म्हणून मी विचारलं, "कोणती चांगली?"

तो सावकाश उतरला. बाजारात बैल पारखावा तशी त्यानं लाल गाडीच्या पाठीवर थाप मारली, दात बघावेत तसं वाकून पातं बघितलं आणि नापसंतीनं मान हलवली. "पावणं, कंपनी मागनं बघा. बिघडल्यावर मेकॅनिक कुठनं येतो ते आदी इचारा. लालचा पुण्यावरनं येतो. तवर गवत थांबतंय व्हय?"

"आणि हिरवीचा?"

"मागल्या गल्लीत ऱ्हातो. आन शीट लई मऊ. वरीसभर बसतोय मी."

तेवढ्यात बाहेर प्रवासी भरत थांबलेल्या जीपवाल्यानं हाक मारली, तसा तो पिशवी घेऊन निघून गेला. दुकानदार म्हणाला, "जीप भरेपर्यंत रोज इथं बसतात. घेतलं कधीच काही नाही."

तरी मी हिरवीच घेतली. एवढी चाचणी कुठली कंपनी करते?

परवा लॉनवर पोचलो, तर गाडीवर टोपी दिसली.

"दुकानदारानं पत्त्या दिला. जीपवाल्याला सांगितलंय, आता हितनंच उचल," म्हातारा म्हणाला आणि थोडं सरकून त्यानं मला बसायला जागा केली.